डोळा मारणारी गाडी

कुपीमास्तरांच्या शर्टांचे खिसे धुऊन धुऊन विरले, पण खिशावरचा तेलाचा डाग काही गेला नाही. खिशात पेन नाही, चष्मा नाही. असायची ती एक छोटीशी लांब चोचीची तेलाची कुपी. शिवणयंत्रं दुरुस्त करायचा धंदा त्यांनी चाळीस वर्षं केला आणि चाळीस वर्षं एकच गोष्ट सांगितली. यंत्र कुरकुरतंय? तेल घाला. अडतंय? तेल घाला. छान चालतंय? मग तर आधी घाला, म्हणजे तसंच चालत राहील. घरातल्या बिजागऱ्या, नळाच्या चाव्या, छत्रीच्या काड्या, शेजारच्या कुत्र्याच्या साखळीचा हूक, काही म्हणून त्यांनी कोरडं ठेवलं नव्हतं. एकदा जिना चढताना बायकोचा गुडघा वाजला, तर मास्तरांचा हात आपोआप खिशाकडे गेला, असं बायको शपथेवर सांगायची.

बायकोला सगळे ड्रायव्हरबाई म्हणत. हे नाव कपड्यांच्या कारखान्यांतल्या शिवणाऱ्या बायकांनी ठेवलं, आणि ते इतकं पक्कं बसलं की पोस्टमनसुद्धा जिन्यातून "ड्रायव्हरबाईंचं पत्र!" अशी आरोळी द्यायचा. मास्तरांनी गाडी शिकायचा प्रयत्न केला नाही असं नाही. केला की, चांगला तीन दिवस केला. अडचण एवढीच, की इंजिनाचा आवाज नीट ऐकायचा तर मास्तरांना डोळे मिटावे लागत. शिवणयंत्र ते असंच तपासायचे: डोळे मिटायचे, चाक हाताने हळूहळू फिरवायचं आणि कुठे खटकतंय ते ऐकायचं. तिसऱ्या दिवशी भर चौकात त्यांनी डोळे मिटले तेव्हा शिकवणाऱ्याने हात जोडले. "मास्तर, तुम्ही उतरा. वहिनींना पाठवा." वहिनी आल्या आणि आठव्याच दिवशी त्या चौकातून अशा झोकात वळल्या की शिकवणाऱ्याने पुढची शिकवणीच बंद केली.

तशी ती लग्नाआधी एका कारखान्यात मशीनवरच होती. तिचं मशीन एका महिन्यात अकरा वेळा बिघडलं आणि अकराही वेळा मास्तरच आले. बाराव्या वेळी त्यांच्या लक्षात आलं की मशीनला काहीएक झालेलं नाही, कोणीतरी स्क्रू सैल केलाय. त्यांनी वर बघितलं. ती गंभीर चेहऱ्याने दोऱ्याला गाठ मारत होती. मास्तर तसे बुद्धीने जरा मंदच, म्हणजे यंत्रं सोडून बाकी बाबतीत. पण एवढं त्यांना बाराव्या खेपेला कळलं हे काय थोडं झालं?

गाडी त्यांनी सत्तावीस वर्षांपूर्वी घेतली, तीही वापरलेली. लाल, बुटकी, नाकाने चपटी. मास्तर तिच्याभोवती दोन चकरा मारून म्हणाले, "अगं, हिला हेडलाइटच नाहीत. आंधळी गाडी घेऊन काय करायचंय?" तेव्हा विकणाऱ्याने आत बसून एक बटण दाबलं. घुंईं असा आवाज झाला, बॉनेटच्या दोन्ही कोपऱ्यांवरची झाकणं उचलली गेली आणि आत दडलेले दोन दिवे डोकं वर काढून बघायला लागले. ड्रायव्हरबाई लहान पोरीसारख्या टाळ्या पिटत म्हणाल्या, "अहो, जागी झाली बघा! हीच घ्यायची." व्यवहार तिथेच संपला.

असल्या गाड्या आता कोणी बनवत नाही. दिवा वर करायला मोटर, खाली करायला मोटर, मोटर सांभाळायला तार. एवढा उपद्व्याप कोण करतो? पण या दोघांचा सगळा संसार या गाडीतून फिरला. मागची सीट काढून तिथे मशीनची डोकी ठेवायची, पायाशी पट्टे, बॉबिन, सुयांचे डबे. बाई चालवायच्या, मास्तर शेजारी बसायचे आणि कुठल्या कारखान्यातलं कुठलं मशीन आज काय म्हणणार याचा अंदाज करायचे. मास्तरांना जगात सगळ्यात जास्त काय आवडायचं, तर ती शेजारची सीट. हे त्यांनी बायकोला कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं काय त्यात, रोजच तर बसत होते.

धंदा बंद केल्यावरही गाडी होती, आणि रोज कुठे ना कुठे जाणंही होतं. मग जुन्या गाड्यांची तपासणी आली. नियम असा: गाडीला तीन संधी. तिन्ही वेळा नापास झाली की नोंदणी रद्द आणि गाडी तिथल्या तिथे केंद्राच्या मागच्या आवारात जमा. घरी आणायचीसुद्धा परवानगी नाही. त्या आवारात आधीच पन्नाससाठ गाड्या दाटीवाटीने उभ्या होत्या. मास्तर त्यांच्याकडे बघायचंच टाळायचे.

पहिल्या तपासणीत डावा दिवा उशिरा वर आला. उजवा ताडकन उठला आणि डावा आळोखेपिळोखे देत, कुथत कुथत. नापास. मास्तर म्हणाले, हात्तिच्या, एवढंच ना! घरी आणून त्यांनी डाव्या मोटरीचं झाकण उघडलं आणि कुपीची चोच आत घालून मनसोक्त तेल पाजलं. दिवा झटकन वर आला. मास्तर शीळ घालत हात धुवायला गेले.

दुसऱ्या तपासणीत काय झालं हे ते केंद्र अजून विसरलेलं नाही. बाईंनी बटण दाबलं. उजवा दिवा वर येऊन शहाण्यासारखा थांबला. डावा वर आला, खाली गेला, वर आला, खाली गेला आणि थांबेचना. गाडी सरळ सरळ तपासनीस मॅडमना डोळा मारत होती. मॅडम वयाने तिशीच्या, चेहरा इस्त्री केलेला. मागच्या रांगेतला टेम्पोवाला ओरडला, "मॅडम, ओळख आहे वाटतं!" रांग खिदळली. मॅडमनी न हसता कागदावर फुली मारली.

त्या दिवशी घरी आल्यावर ड्रायव्हरबाई किल्ली खुंटीला अडकवून म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं."

"तुझ्यामुळे? ते कसं काय?"

"मागच्या महिन्यात मी तो फाटकाचा खांब ठोकला. डावाच कोपरा. तेव्हाच आत काहीतरी हाललं असणार. सत्तावीस वर्षांत एकदाही कुठे टेकवली नव्हती, अहो. स्टिअरिंगवरचा हात गेला माझा."

"छे, छे," मास्तर म्हणाले. पण त्यांनाही दुसरं काही कारण सुचेना, त्यामुळे ती छे-छे जरा पातळच निघाली, आणि बाईंनी ती बरोबर ऐकली.

पुढचे पंधरा दिवस मास्तरांनी गाडीचा पिच्छा पुरवला. आधी फ्यूज बघितला, ठणठणीत. मग रिले बदलला, म्हणजे दिव्याच्या मोटरीला वीज सोडणारी ती चौकोनी डबी; डावा दिवा डोळा मारतच राहिला. मग तारांमागे लागले. बॉनेटमधून आतपर्यंत जाणारी एकेक तार बोटांनी चाचपून बघितली, वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला झाला. ज्या खांबाला गाडी लागली होती त्या खांबालाही शिव्या घातल्या. फक्त एका गोष्टीवर त्यांचा संशय गेला नाही, आणि जाणार तरी कसा? तेलाने कधी कोणाचं वाईट केलंय का?

तिसऱ्या तपासणीचा दिवस उजाडला. वेळ दुपारी तीनची. मास्तर सकाळी सातलाच बॉनेट उघडून उभे राहिले. बाई आत बसल्या, बटणावर बोट ठेवून.

"आता मी काय करतोय बघ," मास्तर म्हणाले. "डाव्याची तार उजव्या मोटरीला लावतो. उजवी पण थांबेनाशी झाली तर तारेत दोष. उजवी थांबली तर डावी मोटरच खोडकर."

"मग हे पंधरा दिवस का नाही केलंत?"

"सुचलं नाही."

"बरं. दाबू?"

"दाब!"

उजवा दिवा वर आला आणि निमूटपणे थांबला. म्हणजे तारा साफ निर्दोष. मास्तरांनी कानाची पाळी ओढली. मग त्यांनी डाव्या मोटरीवरची रबराची टोपी काढली. खाली हाताने फिरवायची एक मूठ असते. वीज गेलीच तर दिवा हाताने वर करता यावा म्हणून. मास्तरांनी डोळे मिटले आणि मूठ हळूहळू फिरवली. खालून दिवा इंच इंच वर यायला लागला. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. खटका नाही, घासणं नाही, सगळं लोण्यासारखं फिरतंय.

"फिरायला इतकी गुळगुळीत आहे," ते पुटपुटले, "मग थांबत का नाही?"

आणि मास्तरांचे डोळे खाडकन उघडले. इतकी गुळगुळीत का आहे?

"अगं, तू आत जाऊन चहा टाक," ते घाईघाईने म्हणाले.

"आत्ताच तर झाला."

"दुसरा टाक!"

बाई गेल्या. मास्तरांनी मोटर सोडवली, झाकणाचे स्क्रू काढले आणि आत बघितलं. आत एक गोल चकती, चकतीवर तांब्याची पट्टी, पट्टीवर टेकलेली पितळेची तीन बोटं. त्या पट्टीत दोन फटी असतात. दिवा वर पोचला की बोट पहिल्या फटीवर येतं, वीज तुटते, मोटर थांबते. खाली पोचला की दुसरी फट. एवढीच सगळी अक्कल त्या मोटरीला. आणि ती अक्कल आता काळ्या चिकट लगद्याखाली गडप झाली होती. फटी बुजल्या होत्या, त्या लगद्यातूनच वीज पलीकडे जात होती, आणि मोटरीला बिचारीला थांबायचं कुठे ते कळतच नव्हतं.

मास्तरांनी लगदा बोटावर घेऊन नाकाशी नेला. हा वास ते झोपेत ओळखतील. शिवणयंत्राचं तेल, एक नंबरचं.

"काय हो मास्तर, कसला वास घेताय?" पाठीमागून आवाज आला. वरच्या मजल्यावरचे कंपाउंडर. चाळीस वर्षं एका दवाखान्यात औषधं बांधून रिटायर झालेले, आणि आता सकाळी गच्चीवरून ज्याचं त्याचं निदान करणारे. ते वाकले आणि म्हणाले, "अरेच्चा, हे तर तेल आहे."

"हळू बोला!"

"पण विजेच्या पट्टीवर तेल? कुठल्या गाढवाने..." कंपाउंडरांची नजर मास्तरांच्या खिशावर गेली. खिशातून कुपीची चोच डोकावत होती. कंपाउंडर थांबले. त्यांची मिशी थरथरायला लागली.

"हसू नका," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "हिला सांगू नका. ती समजतेय की खांबाला लागल्यामुळे झालं. आणि मी, मी म्हणजे..."

"मी कंपाउंडर आहे, मास्तर. पेशंटचं बाहेर बोलत नाही." आणि ते वर जाऊन स्पिरिटची बाटली आणि कापूस घेऊन आले. दोघांनी मिळून ती चकती अशी पुसली, जणू एखाद्या बाळाचे कान. मग खोडरबराने तांबं घासलं, चकचकीत होईपर्यंत. फटी पुन्हा फटी झाल्या. पितळेच्या बोटांवर एक थेंबसुद्धा तेल राहू दिलं नाही. मास्तरांनी मोटर बसवली.

बाई चहा घेऊन आल्या. "काय होतं?"

मास्तर कंपाउंडरांकडे बघेनात. "धूळ," ते म्हणाले. "धूळ साचली होती."

बाईंनी बटण दाबलं. दोन्ही दिवे वर. दाबलं, खाली. वर. खाली. डावा दिवा असा वागत होता जणू त्याने जन्मात कधी कोणाला डोळा मारला नाही. मास्तर अंगणात चक्क नाचले, सत्तराव्या वर्षी, एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात कप. कंपाउंडरांनी टाळ्या वाजवल्या. बाई हसल्या, पण ते हसू लवकर मावळलं.

ते का मावळलं हे मास्तरांना दोन वाजता गाडीत बसताना कळलं. समोरचा खण उघडला तर रिकामा. त्यात बाईंचा स्कार्फ असायचा, पेपरमिंटचा डबा, जुना नकाशा, कारखान्यांच्या पत्त्यांची वही. काहीच नाही. सगळं एका कापडी पिशवीत भरून बाईंनी मांडीशी ठेवलं होतं, आणि पायात चालायच्या चपला घातल्या होत्या.

"हे काय?"

"परत बसने यावं लागलं तर?"

"अगं, दिवे चालतायत की! तू बघितलंस ना?"

"चालतायत." बाईंनी गाडी सुरू केली. पहिल्यांदाच त्या फाटकातून इतक्या हळू बाहेर पडल्या. पहिला चौक ओलांडल्यावर म्हणाल्या, "पास झाली तरी मी आता चालवणार नाही. आपल्या पोरीला देऊन टाकू. एकदा हात गेला की गेला, अहो. आज खांब होता. उद्या माणूस असेल."

आता बोलायचं होतं. आत्ता, याच क्षणी. मास्तरांनी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं काय, तर "उजवीकडून ट्रक येतोय." बाई म्हणाल्या, "दिसतोय." संपलं. पुढचे चार किलोमीटर मास्तर स्वतःला मनातल्या मनात कानफटवत राहिले. चाळीस वर्षं लोकांना तेल शिकवलं, आणि आता म्हणायचं की तेलानेच घात केला? जीभ रेटेना. भित्रे कुठले!

केंद्रात आधी खिडकीवर फॉर्म भरायचा होता. खिडकीत त्याच मॅडम, तोच इस्त्रीचा चेहरा. त्यांनी गाडीचा नंबर बघितला आणि क्षणभर त्यांचा ओठ हलला. मागे रांगेत तोच टेम्पोवाला. त्याचीही आज तिसरी खेप.

"दोष दुरुस्त केला?" मॅडमनी विचारलं.

"केला," मास्तर म्हणाले.

"कारण लिहा. तीन रकाने आहेत. एक, वयोमानाने झीज. दोन, चालकाची चूक. तीन, इतर, सविस्तर लिहायचं. झीज असेल तर आत्ताच सांगते, दिवे लागोत न लागोत, गाडी मागच्या आवारात. झीज दुरुस्त होत नसते. चालकाची चूक असेल तर गाडी पास होऊ शकते, पण चालकाला ड्रायव्हिंगची परीक्षा पुन्हा द्यावी लागेल."

लिहायचं काम घरात नेहमी बाईंचंच. मास्तरांचं अक्षर म्हणजे सुटलेला टाका. बाईंनी पेन घेतलं, चष्मा नाकावर सरकवला आणि क्षणाचाही विचार न करता दुसऱ्या रकान्यात लिहिलं: चालकाची चूक. सुबक, गोल अक्षरात. मग पर्समधून स्वतःचं लायसन्स काढून मॅडमपुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "परीक्षा नको. हेच ठेवून घ्या. गाडी तेवढी राहू द्या."

मास्तरांनी ते लायसन्स बघितलं. फोटोत ती चाळिशीची, केस उडालेले, ओठ दाबून हसू आवरलेलं. मग जीभ रेटते की नाही हा प्रश्नच उरला नाही. त्यांनी झडप घालून पेन हिसकावलं.

"अहो! काय करताय?"

मास्तरांनी तो दुसरा रकाना कागद फाटेपर्यंत खोडला. तिसऱ्या रकान्यात लिहायला लागले. अक्षरं रेषेवरून घसरली, रकान्याबाहेर गेली, समासात शिरली, वर चढली. शेवटी त्यांनी खाली टेचात सही ठोकली आणि कागद खिडकीतून आत ढकलला.

मॅडमनी कागद उभा धरला, आडवा धरला. "काय लिहिलंय हे? मला अक्षर लागत नाही. वाचून दाखवा."

"इथे?"

"मग कुठे?"

मागे रांग. टेम्पोवाला मान लांब करून उभा. मास्तरांनी घसा साफ केला. कागद हातात घेतला, पण त्याच्याकडे बघायची गरज पडली नाही.

"डाव्या दिव्याच्या मोटरीत विजेच्या पट्टीवर मी स्वतः तेल घातलं. तिथे तेल घालायचं नसतं. ते मला कळायला हवं होतं, कळलं नाही. आज सकाळी कळलं, तर लपवलं. गाडीचा काही दोष नाही." ते थांबले. पुढचं त्यांनी जोरात म्हटलं, अगदी मागच्या माणसाला ऐकू जाईल इतकं. "आणि चालवणारीचा तर मुळीच नाही. हिचा हात कुठेही गेलेला नाही."

ड्रायव्हरबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. मास्तरांना वाटलं, आता उडाला भडका.

"तेल?" बाई म्हणाल्या.

"हो."

"तुम्ही? तेलाने बिघडवलंत?"

"हो गं, हो. किती वेळा सांगू!"

"म्हणजे तो खांब..."

"खांबाचा काही संबंध नाही. कोपऱ्याला पोचा आलाय, पत्र्याला. मोटर तिथून हातभर लांब आहे."

आणि बाईंना हसू फुटलं. साधंसुधं नव्हे. त्यांनी आधी तोंडावर पदर दाबला, मग खिडकीचा कठडा धरला, मग कठड्यावर डोकं टेकवून खांदे गदागदा हलवत त्या हसायला लागल्या. "तेलाने! अहो, तेलाने!" डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मधेच हुंदका आला, पुन्हा हसू आलं, नक्की काय चाललंय ते त्यांनाही कळेना. टेम्पोवाला हसायला लागला, त्याच्या मागचा हसायला लागला, आणि का हसायचं हे न कळलेले सगळ्यात मागचे सगळ्यात मोठ्याने हसायला लागले. मास्तर मधोमध उभे, कानापर्यंत लाल, आणि त्यांनाही हसू आवरेना.

"सकाळपासून माहीत होतं?" बाईंनी डोळे पुसत विचारलं.

"साडेआठपासून."

"आणि मला वाटभर झुरवलंत? घरी चला, बघते तुमच्याकडे." पण त्यांनी मास्तरांचा दंड असा घट्ट पकडला होता की सोडायचं नाव नव्हतं. दुसऱ्या हाताने त्यांनी खिडकीतून आपलं लायसन्स ओढून घेतलं. "हे द्या इकडे, मॅडम. चुकून दिलं होतं."

तपासणीच्या पट्ट्यावर एकट्या चालकालाच जायची परवानगी. मास्तर पिवळ्या रेघेच्या अलीकडे. मॅडम गाडीसमोर उभ्या राहिल्या. "दहा वेळा," त्या म्हणाल्या. "दहाही वेळा दोन्ही दिवे एकदम वर, आणि थांबले पाहिजेत."

बाईंनी बटण दाबलं. दोन्ही वर. रांगेतून आवाज आला, "एक!" तो अर्थातच टेम्पोवाला. खाली, पुन्हा वर. "दोन!" आता चारपाच जण. पाचाला अख्खी रांग. सहाव्या वेळी डावा दिवा जरा रेंगाळला, निदान मास्तरांना तसं वाटलं. त्यांनी डोळे मिटले. घुंईं, टक. थांबला. "सहा!" सात, आठ, नऊ त्यांनी डोळे मिटूनच ऐकले. मोटर सुरू होण्याचा आवाज, मग थांबण्याचा. थांबण्याचा आवाज इतका गोड असतो हे त्यांना सत्तर वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

"दहा!!"

मास्तरांनी डोळे उघडले. मॅडमनी कागदावर शिक्का मारला, आणि इस्त्रीची घडी मोडून त्या हसत होत्या. "पाच वर्षांसाठी पास. पुढची तपासणी पाच वर्षांनी. काकू, एक विचारू? तेव्हा तुम्ही एकाहत्तर वर्षांच्या असाल. गाडी आणणार कोण?"

"मी," ड्रायव्हरबाई म्हणाल्या. "दुसरं कोण? हे पंचाहत्तरचे असतील. यांना डोळे मिटायची सवय आहे. मी नाही आणलं तर यांना कोण आणणार?"

मास्तर धावत गेले आणि आपल्या सीटवर बसले. पाच वर्षं. त्यांनी बोटांवर मोजून बघितलं, जणू कमीजास्त भरतील. मग एकदम म्हणाले, "अगं, मला या सीटवर बसायला फार आवडतं."

"मग बसा की."

"नाही, म्हणजे तू चालवत असताना."

बाईंनी गिअर टाकता टाकता त्यांच्याकडे बघितलं. "माहीत आहे," त्या म्हणाल्या. "उगाच का मी बारा वेळा स्क्रू सैल केला?" आणि गाडी अशी काही वळवली की केंद्राच्या फाटकाचे दोन्ही खांब वीतभर अंतरावरून झरकन मागे गेले.

बाहेर लख्ख ऊन. दिवे दोन्ही वर, आणि पेटलेले. बाईंनी ते खाली केले नाहीत. भर रस्त्यात तो ताठ मानेचा लाल प्राणी झगझगीत डोळ्यांनी निघाला. पहिल्याच चौकात एक स्कूटरवाला जवळ येऊन हात हलवत ओरडला, "काकू, तुमचे लाइट चालू राहिलेत!"

ड्रायव्हरबाईंनी काच खाली केली. "राहिले नाहीत!" त्या ओरडल्या. "ठेवलेत!"

पुढच्या चौकात एक रिक्षावाला, मग बसचा ड्रायव्हर, मग शाळेसमोर उभा असलेला पोलीस, सगळे तेच सांगायला लागले. आता मास्तरांनीही आपल्या बाजूची काच खाली केली होती, आणि डावीकडच्या लोकांना ते उत्तर देत होते.